पहिला नग बनवण्याआधी: शिकता शिकता व्यवसाय सुरू करणाऱ्यांसाठी

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी हाताने शिवलेल्या ६० वह्या तयार केल्या. कागद चांगला, शिलाई पक्की, पाठीला कापड. सुट्टी संपल्यावर महिनाभरात ११ गेल्या, त्यातल्या ७ माझ्याच मैत्रिणींनी घेतल्या. उरलेल्या ४९ दोन खोक्यांत भरून मी खाटेखाली सरकवल्या. वही हातात घेऊन, पानं चाळून परत ठेवणाऱ्या एका मुलीला शेवटी विचारलं, काय आवडलं नाही? ती म्हणाली, "वही सुंदर आहे गं, पण कोऱ्या पानावर नोट्स कशा काढू? माझ्या ओळी तिरक्या जातात."

हे वाक्य मला ६० वह्या शिवण्याआधी फुकट मिळालं असतं. पुढे तीच वही ठिपक्यांच्या पानांची करून मी तीन वर्षं विकली आणि शिक्षणाचा बराचसा खर्च त्यातून काढला. त्या काळात जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं वह्यांची आहेत, पण शिकवण्या, डिझाइन, दुरुस्ती, शिवणकाम, काहीही करत असाल तरी क्रम साधारण हाच लागतो. आकडे तुमच्या चलनातले धरा.

१. घेणाऱ्याला विचारा, कौतुक करणाऱ्याला नाही

"मी असं काही केलं तर तू घेशील का?" हा प्रश्न विचारूच नका. समोरचा माणूस तुमचं मन राखायला हो म्हणतो, आणि त्या होकारावर आपण माल भरून बसतो. त्याऐवजी घडून गेलेलं विचारा. शेवटची वही कधी घेतली? कुठून? शोधायला किती वेळ गेला? तिच्यात काय खटकलं? सध्या कशावर भागवता? मागच्या सहा महिन्यांत ज्याने या गरजेसाठी ना पैसा खर्च केला ना वेळ, तो तुमच्यासाठी खिशात हात घालण्याची शक्यता कमीच.

अशी १५ ते २० माणसं गाठा. घरचे आणि जवळचे मित्र यात मोजू नका. त्यांची उत्तरं प्रेमाची असतात, गिऱ्हाइकाची नसतात. जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. "ओळी तिरक्या जातात" हे त्या मुलीचं वाक्य मी पुढे जसंच्या तसं जाहिरातीत वापरलं: ओळी तिरक्या जातात? ठिपक्यांची वही घ्या. मी स्वतः सुचवलेल्या कुठल्याही ओळीला तेवढा प्रतिसाद मिळाला नव्हता.

२. नमुने तीनच करा आणि ऑर्डर आधी घ्या

६० नाही, तीन. एक दाखवायला, एक स्वतः रोज वापरायला आणि एक अशा माणसाला द्यायला, जो दोष तोंडावर सांगेल.

स्वतः वापरायचा नमुना सगळ्यात महत्त्वाचा. माझ्या पहिल्या वह्यांपैकी काहींचे पुठ्ठे दोन आठवड्यांत कमानीसारखे वाकले. गोंद खराब असेल म्हणून मी गोंद बदलला, तरी तेच. मग कळलं की कागदाला आणि पुठ्ठ्याला लाकडासारखी धाव असते, म्हणजे त्याचे तंतू एका दिशेने असतात. दमट हवेत कागद धावेच्या आडव्या अंगाने फुगतो. पुठ्ठ्याची धाव वहीच्या पाठीला समांतर नसेल, किंवा पुठ्ठ्याची आणि त्यावर चिकटवलेल्या कागदाची धाव जुळत नसेल, तर वही वाकणारच. कागद हलकासा दुमडून बघितला की धाव कळते, ज्या दिशेची घडी सहज पडते ती धावेची दिशा. तुमच्या कामातही अशी एखादी गोष्ट असणार, जी वापरात आल्याशिवाय दिसत नाही. ती गिऱ्हाइकाच्या घरी दिसण्याआधी तुमच्या टेबलावर दिसू दे.

नमुना पक्का झाला की ऑर्डरी घ्या, शक्य तर थोडी आगाऊ रक्कम घेऊन. "छान आहे" ही ऑर्डर नव्हे. पैसे दिले, किंवा निदान तारीख आणि नगांची संख्या लिहून दिली, तर ती ऑर्डर.

मायकेल डेलने १९८४ मध्ये टेक्सास विद्यापीठात शिकत असताना १००० डॉलर घालून संगणकांचा धंदा सुरू केला. त्याने कॉलेज सोडलं एवढंच लोक सांगतात आणि मुलांना तेच लक्षात राहतं. मला त्यातली घेण्यासारखी गोष्ट वेगळी वाटते. त्याच्या कंपनीने पुढे ऑर्डर आल्यावर यंत्र जोडायचं आणि थेट गिऱ्हाइकाला विकायचं ही पद्धत रुजवली, त्यामुळे तयार मालात पैसा अडकून पडला नाही. विद्यार्थ्याकडे भांडवल नसतंच. त्याला हीच पद्धत परवडते, आणि त्यासाठी कॉलेज सोडावं लागत नाही.

३. एका नगाचा हिशेब कागदावर मांडा

ही पायरी घाईत उरकू नका. बाकी सगळं चुकलं तरी सावरता येतं, इथली चूक मात्र प्रत्येक नगामागे पुन्हा पुन्हा होत राहते.

वहीची विक्री किंमत १०० धरू. कागद, पुठ्ठा, दोरा, कापड, गोंद मिळून ३८. वेष्टन ६. पोचवण्याचा खर्च १२. ऑनलाइन पैसे स्वीकारण्याचं शुल्क २. एकूण ५८. म्हणजे दर वहीमागे ४२ उरले.

आता एकदाच होणारा खर्च. आरी, सुया, कटर, लोखंडी पट्टी, कापायची चटई, दाबून ठेवायचा प्रेस, सगळं मिळून समजा २१००. याला ४२ ने भागा, उत्तर ५०. पन्नासाव्या वहीला तुम्ही ना नफा ना तोटा या रेषेवर येता, कमाई ५१व्या वहीपासून. मी ६० वह्या आधीच केल्या होत्या आणि विकल्या होत्या ११, म्हणजे या रेषेच्या आसपासही नव्हते. तरी हातात पैसे येत होते म्हणून मला धंदा चालू झाल्यासारखं वाटत होतं.

पुढचा भाग जवळजवळ सगळे विद्यार्थी सोडून देतात: स्वतःचा वेळ. एक वही शिवायला मला ४५ मिनिटं लागायची. त्याच काळात मी एका शाळकरी मुलीची शिकवणी घेत असे, तिथे तासाला ६० मिळत. म्हणजे ४५ मिनिटांचे ४५ झाले. वहीमागे उरत होते ४२. शिकवणीपेक्षा मी दर वहीमागे ३ नी मागे होते, तेही रात्री जागून.

हा आकडा दिसल्यावर मी दोन दिवस वही हातात घेतली नाही. मग घड्याळ लावून बसले आणि कुठल्या कामाला किती मिनिटं जातात ते लिहिलं. एकेक वही पहिल्यापासून शेवटपर्यंत करण्यातच वेळ जात होता: कटर उचला, ठेवा, सुईत दोरा ओवा, गोंद काढा, हात पुसा. त्याऐवजी एका दिवशी २० वह्यांचा कागद कापून घडी घालायची, दुसऱ्या दिवशी सगळ्यांना भोकं पाडायची, तिसऱ्या दिवशी फक्त शिलाई, असं केल्यावर वहीला २५ मिनिटं पुरू लागली. वेळेचे २५ वजा जाता १७ उरले. किंमत तीच, माल तोच, फक्त कामाचा क्रम बदलला.

तुमचा व्यवसाय सेवेचा असेल तर वेळ हाच तुमचा कच्चा माल. लोगो करून देणाऱ्याने चित्राचा वेळ मोजून भागत नाही. फोनवरचं बोलणं, चौथ्यांदा केलेला बदल, पैशांसाठी पाठवलेली आठवण, हे सगळं त्यात धरायचं. किती बदल दरात येतील ते आधीच लिहून द्या. दोन पुरेत, तिसऱ्याचे वेगळे पैसे.

४. सवलत आणि कमिशन देण्याआधी

दुकानदार म्हणतो, "वह्या ठेवतो, ३० टक्के माझे." ऐकायला सोपं वाटतं. १०० मधले ७० तुमच्या हातात. घरपोच खर्च आणि ऑनलाइन शुल्क वाचलं, म्हणून खर्च ५८ वरून ४४ वर आला. उरले २६, वेळ वजा केल्यावर १. तरी दुकान उपयोगाचं असू शकतं, कारण तिथे नवे लोक वही पाहतात. पण तो १ डोळ्यांसमोर ठेवून हो म्हणा. न विकलेला माल परत घ्यायचा का, मळलेली वही कोणाच्या खात्यात, पैसे किती दिवसांनी, हे तीन प्रश्न त्याच भेटीत विचारा.

सवलतीचं गणित तर फसवंच. १०० ची वही ८० ला दिली की वाटतं २० टक्केच सोडले. प्रत्यक्षात तुमच्या ४२ मधले २० गेले. पूर्वीइतकेच पैसे मिळवायला जवळजवळ दुप्पट वह्या विकाव्या लागतील, आणि त्या शिवाव्याही तुम्हालाच लागतील. मित्रांना सवलत द्यायचीच असेल तर वही भेट द्या आणि तो खर्च जाहिरातीत मांडा. "तुला म्हणून कमी" म्हटलं की तो दर आठवडाभरात सगळ्या वर्गाला माहीत होतो.

५. परवानग्या आणि कागदपत्रं

नियम देशागणिक बदलतात, पण कुठे अडकायला होतं त्या जागा बहुतेक त्याच असतात.

वय: बहुतेक देशांत सज्ञान होण्याचं वय १८ आहे. त्याआधी केलेले करार सहसा बंधनकारक ठरत नाहीत, म्हणून खातं किंवा करार पालकांच्या सहीने करावा लागतो.

शिक्षणसंस्था: वसतिगृहाच्या खोलीतून विक्री करायला अनेक ठिकाणी बंदी असते. संस्थेची प्रयोगशाळा किंवा अनुदान वापरून काही शोधलंत तर त्यावर संस्थेचा हक्क लागू शकतो. नियमपुस्तिका वाचा आणि परवानगी लेखी घ्या. तोंडी परवानगी देणाऱ्या व्यक्तीची बदली होते.

परदेशात शिकत असाल तर: ही बाब सगळ्यात आधी तपासा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर परवानगीशिवाय काम केलं तर विद्यार्थी म्हणून राहण्याचा हक्कच धोक्यात येतो. फावल्या वेळातलं काम आहे, ऑनलाइनच आहे, असल्या सबबी तिथे चालत नाहीत.

व्यवसायाचं स्वरूप: एकट्याने, कंपनी न काढता केलेला व्यवसाय म्हणजे एकल मालकी. सुरू करायला सोपी, पण धंद्याचं कर्ज हे तुमचंच कर्ज. वही विकताना यात मोठा धोका नाही. लोकांच्या महागड्या वस्तू दुरुस्तीला घेत असाल, किंवा इजा होऊ शकेल असं काही विकत असाल, तर जाणकाराला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नाव आणि चित्रं: नाव ठरवण्याआधी ते कोणाचं नोंदणीकृत आहे का ते बघा. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस मोफत आहे, शिवाय आपल्या देशाच्या ट्रेडमार्क नोंदणीतही शोधा. इंटरनेटवरचं चित्र मुखपृष्ठावर छापू नका. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात (निर्मात्याने काही अटींवर दिलेली वापराची मुभा) एनसी असं लिहिलेलं असेल तर ते व्यापारी वापरासाठी नाही. फॉन्टचंही तसंच. "मोफत" म्हणून उतरवलेले अनेक फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी असतात. गूगल फॉन्ट्सवरचे फॉन्ट मात्र धंद्यात वापरता येतात.

एका फाइलमध्ये हे तयार ठेवा:

- ओळखपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा
- करासाठीचा ओळख क्रमांक
- बँक खात्याचा तपशील
- संस्थेची लेखी परवानगी
- जागा भाड्याची असेल तर मालकाचं संमतिपत्र
- नोंदणी किंवा परवाना लागत असेल तर त्याची प्रत
- कच्च्या मालाची आणि हत्यारांची सगळी बिलं

शेवटची ओळ साधी दिसते, पण कर भरताना खर्च दाखवायचा तर बिल लागतंच. उष्णतेने छापलेल्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. घेतल्या दिवशीच फोटो काढून ठेवा.

६. धंद्याचे पैसे वेगळे

वेगळं खातं उघडा. ते जमत नसेल तर निदान वेगळा डबा आणि वेगळी वही. तारीख, कोणाकडून किंवा कोणाला, कशासाठी, आले, गेले, शिल्लक, एवढे सहा रकाने पुरतात. रोज रात्री पाच मिनिटं. स्वतःसाठी पैसे काढलेत तर तेही लिहा. महिन्याअखेरीला वहीतली शिल्लक आणि खात्यातली शिल्लक जुळली पाहिजे. जुळत नसेल तर त्याच दिवशी शोधा, कारण महिन्याभराने काहीही आठवत नाही.

७. मोठ्या ऑर्डरला लगेच हो म्हणू नका

एका संस्थेने कार्यक्रमासाठी २०० वह्या मागितल्या, दर ८०. एकूण १६,०००. मी त्या रात्री घरी फोन करून सांगितलंसुद्धा. पण २०० वह्यांचा नुसता कच्चा मालच ७,६०० चा होता आणि माझ्याकडे ३,००० होते. उरलेले उसने घेतले, वह्या वेळेवर दिल्या. पैसे चार महिन्यांनी मिळाले. त्या चार महिन्यांत माझ्याकडे कागद घ्यायला पैसे नव्हते, म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागलं, आणि उसने दिलेल्या मैत्रिणीच्या नजरेला नजर देणं अवघड झालं. कागदावर मी नफ्यात होते. हातात दमडी नव्हती.

तेव्हापासून ५० नगांवरच्या ऑर्डरला मी निम्मी रक्कम आगाऊ घेऊ लागले. १६,००० चे निम्मे ८,०००, त्यात कच्चा माल निघतो. समोरचा नाही म्हणाला तर ऑर्डरचा माल लहान तुकड्यांत द्या: ५० नग, त्यांचे पैसे, मग पुढचे ५०. आणि हे चार ओळींत का होईना, पण लेखी असू दे: नग, दर, माल देण्याची तारीख, पैसे देण्याची तारीख, ऑर्डरमधला बदल कोणत्या दिवसापर्यंत चालेल. ईमेल पुरतो. "पैसे कधी मिळतील?" हे विचारताना पहिल्यांदा फार संकोच वाटतो. लहान आहोत, समोर मोठी माणसं आहेत, असं वाटतं. पण तारीख ठरवून घेणाऱ्याला लोक जास्त गंभीरपणे घेतात, हा माझा अनुभव आहे.

८. मित्रासोबत करत असाल तर

पहिल्याच आठवड्यात, सगळं गोडीगुलाबीत असताना, एका पानावर लिहा. कोणी किती पैसे घातले. कोण आठवड्याला किती तास देणार. पैसे कधी आणि कसे वाटायचे. एखाद्याला नोकरी लागली किंवा त्याने शहर सोडलं तर त्याच्या वाट्याचं काय. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणत्या बाबतीत कोणाचा. सोशल मीडियाचं खातं कोणाच्या नंबरवर.

समान वाटे सोपे वाटतात, पण दोन महिन्यांनी एकजण रोज चार तास देतो आणि दुसरा रविवारी येऊन जातो. नव्या कंपन्यांमध्ये यावर एक रूढ उपाय आहे: वाटा एकदम न देता चार वर्षांत थोडाथोडा द्यायचा, आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडलं तर काहीच नाही. तुमच्या कामाला चार वर्षं फार होतील, चार सत्रं धरा. तत्त्व तेच, वाटा राहिल्याने मिळतो.

९. परीक्षेचं वेळापत्रक आधी भिंतीवर

सत्राच्या सुरुवातीला परीक्षा आणि प्रकल्पाच्या तारखा लिहा. त्याआधीचे तीन आठवडे आणि परीक्षेचे दिवस ऑर्डर बंद, आणि हे गिऱ्हाइकाला महिनाभर आधी सांगा. मी धंद्याच्या पहिल्या वर्षी हे केलं नाही आणि एका विषयात नापास झाले. "अमुक तारखेनंतर वही मिळेल" असं स्पष्ट सांगायला लागल्यावर फार थोड्या लोकांनी ऑर्डर रद्द केली. त्यांना उशिराचा राग नसतो, उत्तर न मिळाल्याचा असतो.

१०. सहा महिन्यांनी थांबून बघा

तारीख आजच ठरवा. त्या दिवशी वही उघडून चार गोष्टी पाहा. वेळ धरून एका नगामागे काय उरतं? एकदा घेतलेले लोक पुन्हा आले का? ओळखीबाहेरचे किती? आणि अभ्यास, झोप, तब्येत कशी आहे? पहिल्या तिन्हींची उत्तरं बरी असतील तर दर वाढवून बघा किंवा वेळखाऊ काम कोणाला तरी मोबदला देऊन सोपवा. कर्ज काढण्याचा विचार यानंतर, आधी नाही.

बंद करायचं ठरलं तर तेही नीट करा. नव्या ऑर्डरी थांबवा, हातातल्या पुऱ्या करा, ज्यांची आगाऊ रक्कम आहे ती परत द्या, उधारी वसूल करा, नोंदणी असेल तर ती रीतसर रद्द करा, नाहीतर विवरणपत्र भरायची नोटीस नंतरही येत राहते. हत्यारं नवशिक्यांना विकली जातात. हिशेबाच्या वह्या आणि बिलं लगेच रद्दीत देऊ नका, करखातं काही वर्षांनीही ती मागू शकतं.

खाटेखालच्या त्या ४९ कोऱ्या वह्या शेवटी चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी घेतल्या. त्यांना ओळी नकोच होत्या.